बोटाने दाखवलेली बोट

मित्रांनो, मी एक जुनी आगबोट आहे. ‘होते’ म्हणायला अजून थोडे दिवस आहेत. माझं नाक, दोन्ही धुराडी आणि वरचे सगळे मजले कापून नेलेत, आणि कापणारे आता माझ्या पोटापर्यंत आलेत. दुपारी ते जेवायला बसतात तेव्हा मला जरा उसंत मिळते. तेवढ्यात माझी हकीकत सांगून घेते. मध्येच थांबले तर समजा, जेवणाची सुट्टी संपली.

आधीच सांगते, मी स्वभावाने जरा तोऱ्याची आहे. चार मालक पाहिले, चार नावं लागली, तरी तोरा गेला नाही. तेव्हा कुठे बढाई वाटली तर म्हातारीला सांभाळून घ्या.

एका नदीकाठच्या कारखान्यात अडीच वर्षं माझं काम चाललं होतं. एक कामगार लोखंडी खिळा लालबुंद तापवून वर फेकायचा, दुसरा तो पत्र्याच्या डब्यात झेलायचा आणि तिसरा थंड व्हायच्या आत ठोकून बसवायचा. असे लाखो खिळे माझ्या अंगात बसले. शेवटी माझ्या नाकावर माझं नाव बसवलं. रंगाने लिहिलं नाही बरं का, लोखंडाची पुरुषभर उंच अक्षरं कापून पक्की जोडली. पुढे मालक बदलले, पण ती अक्षरं काढायचा कंटाळा सगळ्यांनीच केला. वरून रंग फासायचा आणि त्यावर नवं नाव लिहायचं, झालं काम. त्यामुळे ऊन तिरपं झालं की माझ्या नाकावर माझं पहिलंच नाव उठून दिसायचं. हे लक्षात ठेवा, पुढे याच नावाने घोळ घातला.

पहिला मालक म्हणजे एक मोठी प्रवासी कंपनी. माझ्यातून एका वेळी अकराशे माणसं जायची. वरच्या वर्गाला नाचघर, भिंतभर आरसे आणि वाचायची खोली होती. खालच्या वर्गाला एकावर एक फळ्या आणि सगळ्यांत मिळून चार नळ. वरच्यांना खालचे दिसू नयेत म्हणून मध्ये कुलूपबंद दार होतं, पण खालची पोरं झरोक्यातून केव्हाच वर पोचलेली असायची. माझा मुख्य वाढपी वादळातही सूप सांडू द्यायचा नाही. मी तिरकी झाले की तोही तेवढाच तिरका व्हायचा. अकरा दिवसांत मी या किनाऱ्यावरून त्या किनाऱ्याला जायची, आणि माझा भोंगा ऐकून बंदरावरची माणसं घड्याळं लावायची. ‘बाई वेळेची पक्की आहे,’ असं माझे कप्तान चारचौघांत सांगायचे. त्या दिवसांत माझे पाय पाण्यावर नव्हते, असं म्हटलं तरी चालेल.

मग एके दिवशी भर समुद्रात माझ्या डोक्यावरून एक विमान गेलं. सगळे प्रवासी डेकवर येऊन टाळ्या वाजवू लागले. मीही हौसेने भोंगा वाजवला. आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घेतोय हे तेव्हा कुणाला कळलं? माझी अकरा दिवसांची वाट ते अकरा तासांत संपवत होतं. दोन-तीन वर्षांत माझ्या खोल्या रिकाम्या जायला लागल्या आणि कंपनीने मला विकून टाकलं. पुढे ती कंपनीही बुडाली. मी नाही बुडाले.

दुसऱ्या मालकाने मला घेतलं ते मेंढ्या वाहायला. हसा, हसून घ्या. मी पण सुरुवातीला रडून घेतलं होतं. नाचघरात गवत पसरलं, पण आरसे काढायला कुणाला सवड नव्हती. मेंढीला आरशात दुसरी मेंढी दिसायची आणि ती डोकं खाली घालून धडक द्यायची. तिसऱ्या फेरीपर्यंत एक सोडून सगळे आरसे फुटले. वाचला तो खांबाआड होता म्हणून वाचला. कितीही धुतलं तरी तो वास माझ्या अंगाचा गेला नाही. पण एक सांगते, मालकांनी मला नावं ठेवली, मेंढ्यांनी कधीच नाही. आणि तेव्हा मी चालत तरी होते.

तिसऱ्या मालकाने माझं हॉटेल केलं. एका धक्क्याला आठ दोरांनी मला बांधलं, इंजिनाच्या खोलीचं दार विटांनी बुजवलं आणि पाण्याखालचा माझा पंखा काढून घेतला. तो पंखा धक्क्यावरच्या चौकात शोभेला ठेवला. पोरं त्यावर चढून घसरगुंडी खेळायची. भरती आली की मी हातभर वर जायची, ओहोटी लागली की हातभर खाली. एवढाच माझा प्रवास. जेवायला येणारे लोक म्हणायचे, ‘किती छान, बोट आहे आणि अजिबात हलत नाही.’ याला कौतुक म्हणायचं का, तुम्हीच सांगा. समोरून दुसऱ्या बोटी भोंगा वाजवत निघून जायच्या आणि माझे आठही दोर ताठ व्हायचे. हॉटेलवाले म्हणायचे, वारा सुटला वाटतं.

मग जवळच एक उंच नवं हॉटेल झालं आणि माझ्याकडे कुणी फिरकेना. चौथ्या मालकाने मला न बघताच कागदावर विकत घेतलं. दोन लहान बोटींना जोडून मला दूरदेशी ओढत नेलं. वाटेत दोर तुटला, म्हणून एका अनोळखी बंदराबाहेर, किनाऱ्यापासून पाव कोस आत माझा नांगर टाकला. दोन आठवड्यांत नवा दोर येईल आणि निघू, असं ठरलं होतं. तिथे मी तीन वर्षं राहिले.

झालं असं, की बंदराचा कारकून माझी नोंद करायला आला तो नेमका संध्याकाळी. ऊन तिरपं पडलं होतं. चौथं नाव इतकं फिकट रंगवलेलं की त्याला दिसलंच नाही, आणि पहिलं नाव मात्र ठसठशीत दिसलं. त्याने तेच लिहून घेतलं. काय सांगू, मला इतका आनंद झाला होता! किती वर्षांनी कुणीतरी माझं खरं नाव लिहिलं होतं. पण त्या नावाचा मालक शोधायला गेले तर कंपनी केव्हाच बुडालेली. चौथ्याला विचारलं तर तो म्हणाला, या नावाची बोट आमची नाहीच. मला पुढे नेऊन काय करायचं हे त्यालाही उमगलं नव्हतं, त्यामुळे बरंच झालं त्याला. नाव जुळेना म्हणून मालक सापडेना, आणि मालक सापडेना म्हणून मला हलवता येईना. बंदरवाल्यांनी मला सील ठोकलं. कुणी चढायचं नाही, काही उतरवायचं नाही.

आता खरी गोष्ट सुरू होते. माझ्यावर तेव्हा नऊ माणसं होती. आठ दूरदूरची खलाशी मंडळी, आणि नववा त्याच बंदरातला. माझ्या तळाला थोडं पाणी झिरपायचं, ते पंपाने बाहेर काढायला त्याला दोन आठवड्यांसाठी ठेवला होता. सगळे त्याला पंपवाला म्हणायचे. त्याचं घर समोरच्या टेकडीवर होतं, निळ्या पत्र्याचं. माझ्या डेकवरून ते स्पष्ट दिसायचं. घरी बायको होती, शाळेच्या गणवेशांना काजं-बटणं करायची. तिला पाचवा महिना होता.

या पंपवाल्याला एकच खोड होती. त्याला सही करायला फार आवडायचं. लहानपणी शाळा झाली नव्हती. लग्नानंतर बायकोने कापडावर खुणा करायच्या खडूने त्याला सही गिरवायला शिकवली होती. पहिलं अक्षर मोठं, बाकीची त्याच्या मागे लहान-लहान, खाली उजवीकडून डावीकडे एक ओढ आणि तिच्याखाली दोन टिंबं. हळूहळू थोडं लिहायला-वाचायलाही यायला लागलं होतं, पण वाचण्यापेक्षा सही भारी. इतर खलाशी कागद दिसला की पाठ फिरवायचे. ‘हात बांधायला दोर लागत नाही, सही पुरते,’ असं ते म्हणायचे. हा मात्र पुढे होऊन म्हणायचा, आण इकडे. दहा दिवसांनी पाण्याची होडी यायची, पिंपं वर चढायची आणि पोचपावतीवर पंपवाला ऐटीत सही ठोकायचा. खलाशांनी त्याचं नाव ‘सहीबहाद्दर’ ठेवलं होतं.

एकदा पाण्याच्या होडीतून तो कारकूनही आला. त्याच्या हातात पावत्यांची चळत होती. सहीबहाद्दरने पहिल्या पावतीवर सही केली, दुसरीवर केली, तिसरीवर केली. प्रत्येकीच्या खाली छापलेलं होतं, ‘वरील गोष्ट पोचली. ताब्यात घेतली.’ वर काय लिहिलंय ते त्याने पाहिलं नाही, कारण वर नेहमी ‘पाणी, बारा पिंपं’ एवढंच असायचं. मान वर करून बघतो तर आठही खलाशी बोचकी घेऊन होडीत उतरत होते. त्याने विचारलं, हे काय चाललंय.

कारकून कागदावर फुंकर मारत म्हणाला, “तिसऱ्या पावतीवर पाणी नव्हतं. बोट पोचली तुम्हाला.”

बंदराचा नियम असा होता, की तरंगत्या जहाजावर एक जबाबदार माणूस असलाच पाहिजे, आणि बदली माणूस आल्याशिवाय त्याने उतरायचं नाही. उतरला तर तीन वर्षं कैद. खलाशी परदेशी, त्यांना ठेवता येत नव्हतं. पंपवाल्याचं घर समोरच, त्याला कसली घाई, असा बंदराच्या साहेबांनी विचार केला असावा. त्यात पठ्ठ्याने आपण होऊन सही केलेली. बदली माणूस कुठून येणार? असल्या कामाला कोण येतो?

पहिल्या दिवशी तो हसला. एवढी मोठी बोट आपल्या ताब्यात आली म्हणून कप्तानाच्या खोलीत जाऊन पाय पसरून झोपला. गादीला बुरशी होती, म्हणून उठून परत पंपाच्या खोलीत गेला. आठव्या दिवशी त्याचं हसू मावळलं. विसाव्या दिवशी तो दोरीच्या शिडीवरून पाण्याच्या होडीत उतरला आणि सरळ किनाऱ्यावर गेला. धक्क्यावरच पहारेकऱ्यांनी धरला. ‘सही तुझीच ना?’ असं विचारून त्याच होडीतून परत आणून सोडला. वर आल्यावर तो कठड्याला टेकून घराकडे बघत उभा राहिला. मला म्हणाला, “म्हातारे, इथेही कैद आणि तिथेही कैद. इथून निदान घर दिसतं.”

तेव्हापासून तो मला म्हातारे म्हणायला लागला. कागदावर लिहिलं होतं की बोट याच्या ताब्यात आहे. प्रत्यक्षात तो माझ्या ताब्यात होता. चार मालकांनी मला बांधून ठेवलं तेव्हा मी त्यांना मनातल्या मनात शिव्या मोजल्या होत्या. आता मीच एका गरीब माणसाला बांधून ठेवलं होतं, आणि तो बिचारा रोज उठून माझं पाणी उपसत होता. त्याने पंप बंद केला असता तर मी महिन्याभरात बुडाले असते. त्याने तो एक दिवसही बंद केला नाही.

माझ्यात सव्वातीनशे खोल्या होत्या. बिजागऱ्या आखडू नयेत म्हणून तो रोज चाळीस दारं उघडून परत लावायचा. नाचघरातल्या त्या एकुलत्या एक आरशावर धूळ बसायची, तिच्यावर बोटाने सही करायचा आणि लगेच पुसायचा. संध्याकाळी डेकवर उभा राहून घराकडे बघायचा. बायको दांडगी हुशार. तिने कपडे वाळत घालायच्या दोरीवरून निरोप धाडायला सुरुवात केली. पांढरी चादर म्हणजे सगळं ठीक. लाल चादर म्हणजे पाण्याच्या होडीबरोबर निरोप येतोय, वाट बघ. असे चार महिने गेले. मग तीन दिवस दोरी रिकामीच. त्या तीन दिवसांत त्याने दारं उघडली नाहीत, जेवला नाही, नुसत्या येरझाऱ्या घातल्या. चौथ्या सकाळी दोरीवर इवलीइवली दुपटी फडफडताना दिसली. त्याने ती बोटाने मोजली, सात होती. मग माझ्या डेकवर कपाळ टेकून तो ढसाढसा रडला. मुलगी झाल्याचं त्याला पाच दिवसांनी पाणीवाल्याने सांगितलं.

लेकीला एकदा हातात घ्यायचं, एवढं एकच त्याला हवं होतं. दर पावतीच्या मागे तो लिहायचा, एक दिवसाची रजा मिळावी. उत्तर यायचं, नोंद घेतली. पोर पालथी पडली, रांगली, उभी राहिली. सगळं त्याला पाणीवाल्याच्या तोंडून कळलं. टेकडीवर तिची आई रोज संध्याकाळी तिला कडेवर घेऊन अंगणात यायची आणि समुद्राकडे बोट दाखवून सांगायची, तो बघ बाबा, बाबाला टाटा कर. तिचा हात हललेला त्याला एवढ्या लांबून दिसायचा नाही. तरी हा इकडून दोन्ही हात हलवायचा.

मुलगी दीड वर्षांची झाली तेव्हा आईला धीर धरवेना. पाणीवाल्याच्या हातापाया पडून ती पोरीला घेऊन पिंपांच्या मध्ये बसली. होडी माझ्यापासून चाळीस हातांवर आली आणि पहारेकऱ्यांच्या बोटीची शिट्टी वाजली. सील ठोकलेल्या जहाजाजवळ बाईमाणूस, लेकरू, काही चालणार नाही, मागे फिरा. पंपवाला धावत कठड्याशी आला. अंगातला सदरा काढून गरागरा फिरवू लागला. आई होडीत उभी राहिली, पोरीला उंच धरलं आणि बोट दाखवून म्हणाली, “तो बघ, बाबा!”

पोरीने आईच्या बोटावरून नजर पुढे नेली. मित्रांनो, मी सात मजली उंच. कठड्यामागचा माणूस खालून शर्टाच्या बटणाएवढा. तिला तो दिसलाच नाही. तिला मी दिसले. ती माझ्याकडे, या टोकापासून त्या टोकापर्यंत, डोळे विस्फारून बघत राहिली, आणि मग स्पष्ट म्हणाली, “बाबा.”

पाण्यावरून तो शब्द वर आला. पंपवाल्याने सदरा तोंडावर धरला आणि खाली बसला. “ओळखलं मला,” तो म्हणाला. “म्हातारे, पहिल्यांदा बघून ओळखलं तिने मला.”

मी काय बोलणार? मी मेली बोट, म्हणजे बाई, आणि ती पोर मला बाबा म्हणून गेली होती. पुढे पाणीवाला कौतुकाने सांगायचा, की पोर खिडकीतून बाबा दिसल्याशिवाय घास घेत नाही, धुक्यात बाबा दिसला नाही तर रडून घर डोक्यावर घेते. ते ऐकून पंपवाल्याच्या अंगावर मूठभर मांस चढायचं. मला मात्र माझ्या सगळ्या खिळ्यांसकट लाज वाटायची. त्याचा तुरुंगही मी, आणि त्याच्या लेकीचा बापही मीच.

तिसऱ्या वर्षी माझ्या नांगराच्या साखळीची एक कडी झिजून करंगळीएवढी राहिली. त्याने ती पाहिली. साखळीला वंगण हवं, कडी बदलायला हवी, आणि दुसरा नांगर मोकळा करून ठेवायला हवा, असं त्याने पावतीच्या मागे तीनदा लिहिलं. तीनदा उत्तर आलं, नोंद घेतली. स्वयंपाकातलं तेल वाचवून तो त्या कडीला लावायचा. स्वतः कोरडं खायचा.

मग एका सकाळी वादळ आलं. न्याहारीच्या वेळी वाऱ्याने मला असा हिसडा दिला, की ती कडी तटकन तुटली. तीन वर्षांनी मी सुटले. खरं सांगते, भीतीच्या आधी मला आनंद झाला. पण पंपवाला हातोडा घेऊन पुढच्या टोकाकडे धावला. तिथे दुसरा नांगर होता. त्याची साखळी एका जाड खिळीने अडवलेली असते. खीळ ठोकून काढली की नांगर खाली जातो आणि बोट थांबते. डावीकडे बंदरात मासेमारीच्या होड्या दाटीवाटीने उभ्या होत्या, त्यांत माणसं होती. मी त्यांच्यावर जाऊन आदळले असते तर अनर्थ झाला असता. उजवीकडे वाळूचा दांडा होता, बरोबर त्याच्या घराच्या टेकडीखाली.

नांगर टाकला तर आणखी किती वर्षं, कोण जाणे. त्याने एकदा निळ्या पत्र्याकडे पाहिलं. मग हातोडा उचलला आणि खिळीवर घातला. तो तसाच माणूस होता.

त्याने अकरा घाव घातले. हात सोलून निघाले, पण खीळ हलली नाही. चौकशीच्या कागदात पुढे लिहिलं गेलं, की देखभालीअभावी खीळ गंजून बसली होती. गंज होता, खोटं कशाला बोलू? पण अकराव्या घावाला ती सुटायला आली होती. ती मी धरून ठेवली. कशी, ते विचारू नका. वारा मला होड्यांकडे नेत नव्हता, वाळूकडे नेत होता. पावसाच्या माऱ्यात ते त्याला दिसत नव्हतं. मला अंगावर कळत होतं. चाळीस वर्षं समुद्रात काढलीत, तेवढं कळतं मला.

दांड्यावर माझं पोट रुतलं तेव्हा मी एका अंगावर कलले, आणि नाचघरातला शेवटचा आरसाही फुटला. वादळ ओसरलं. ओहोटीला माझ्याभोवती घोटाभर पाणी उरलं. टेकडीवरून बायको धावत आली आणि माझ्या खाली उभी राहिली. वर कठड्याशी नवरा, खाली बायको, मध्ये दोरीची शिडी. आणि हा शहाणा उतरेना. सही माझी आहे, म्हणाला, बोट सोडून उतरलो तर कैद होईल, मग पोर बापाला कुठे बघायला येईल? दीड दिवस तो वर आणि ती खाली, अशी दोघं बसून राहिली. जेवणाचा डबा तिने दोरीला बांधून वर पाठवला.

दुसऱ्या दिवशी बंदराचे साहेब विजार गुडघ्यापर्यंत दुमडून आले, मागे कारकून. साहेबांनी नियमाचं पुस्तक उघडलं. ‘तरंगत्या जहाजावर’ असं त्यात होतं. आता ही तरंगती आहे का, हा प्रश्न पडला. पूर्ण भरती येईपर्यंत सगळे थांबले. पाणी चढलं, लाटा माझ्या बगलेपर्यंत आल्या, आणि आयुष्यात पहिल्यांदाच मी जीव खाऊन एका जागी बसून राहिले. हॉटेलात आठ दोरांनी जे केलं ते मी दोराशिवाय केलं. साहेबांनी काठीने खूण केली, पाहिलं, आणि म्हणाले, ही काही आता तरंगत नाही. उतरवा त्याला.

पण उतरायच्या आधी एक सही लागणार होती. कारकुनाने कागद शिडीवरून वर पाठवला. पंपवाल्याने तो हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला आणि दोरीला बांधून खाली बायकोकडे सोडला. “आधी तू वाच,” तो वरून म्हणाला. “वरचं पण वाच आणि खालचं पण.” तिने एकेक शब्द मोठ्याने वाचला, मग पुन्हा वाचला. कारकून घड्याळ बघत होता. तिसऱ्यांदा वाचून झाल्यावर याने सही केली. खाली ओढ नाही, टिंबं नाहीत, नुसतं नाव.

तो वाळूवर उतरला तेव्हा शेजारीण मुलीला घेऊन आली होती. आता ती अडीच वर्षांची होती. आई तिच्याजवळ वाकली आणि या दाढी वाढलेल्या माणसाकडे बोट दाखवून म्हणाली, “बघ, कोण आलं? बाबा.”

पोरीने त्याच्याकडे पाहिलं. मग मान हलवली. आपला चिमुकला हात उचलून तिने त्याच्या खांद्यावरून मागे, माझ्याकडे, बोट दाखवलं.

“नाही,” ती म्हणाली. “बाबा ते.”

आईने तोंडावर हात ठेवला. त्याने वळून माझ्याकडे पाहिलं आणि त्याला सगळं कळलं, ती होडी, ते चाळीस हात, तो शब्द. त्याचा चेहरा मला आजही आठवतो. मला वाटलं, आता हा मला दगड मारील. तो वाळूवर फतकल मारून बसला आणि म्हणाला, “बरोबर आहे तिचं. रोज तेच तर दिसलं तिला.” पोर त्याच्या बाजूने वळसा घालून माझ्याजवळ आली आणि माझ्या गंजक्या पत्र्यावर तिने आपला तळवा ठेवला. मी नाही गं बाई, तो, तो बसलाय तिकडे, असं मला ओरडून सांगायचं होतं. पण माझा भोंगा मेंढ्यांच्या काळातच बंद पडला होता.

मी आता भंगार झाले म्हटल्यावर चौथा मालक धावत आला. नाव जुळत नव्हतं तरी त्याने मला लांबून ओळखलं. मग हे कापणारे आले. त्यांनी सगळ्यात आधी माझं नाक कापलं, पहिल्या नावाच्या अक्षरांसकट. त्या संध्याकाळी पोर टेकडीवरून बघत होती. बाबाचं नाक गेलं म्हणून ती हमसून रडायला लागली, आणि रडताना जो जवळ होता त्याच्या गळ्यात पडली. जवळ पंपवालाच होता. तिने त्याला पहिल्यांदा मिठी मारली ती माझ्या नाकासाठी. मग रोज संध्याकाळी तो तिला माझ्याजवळ आणायला लागला. कुठे काय होतं ते सांगायचा, इथे मेंढ्या होत्या, इथे आरसा होता, इथे तुझा बाबा झोपायचा. ती ऐकायची. मी रोज थोडी कमी व्हायची आणि तो रोज थोडा जास्त तिचा व्हायचा.

मित्रांनो, वस्तूंची काळजी घ्या, असं प्रत्येक जुनी वस्तू तुम्हाला सांगते. मीही सांगते. साखळीला वंगण द्या, कडी झिजली तर बदला, ‘नोंद घेतली’ म्हणून हात झटकू नका. सही करायच्या आधी कागद वरपासून वाचा. पण बोटीची काळजी घ्यायला ठेवलेल्या माणसालाच बोटीला बांधून विसरून जाऊ नका. मला विसरलात तर मी फक्त गंजते. त्याचं लेकरू तेवढ्यात मोठं होतं.

काल संध्याकाळी ती दोघं आली तेव्हा माझं उरलेलं अंग पडत्या उन्हात वाळूच्या ढिगाआड गेलं होतं. टेकडीच्या वळणावर पोर थांबली. तिने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. मग मान वर करून त्याच्याकडे बघत विचारलं, “बाबा, बोट कुठे गेली?”

तो तिच्याजवळ वाकला. मग म्हणाला, “आहे अजून थोडी. चल, दाखवतो.” त्याने बोट पुढे केलं. तिने ते मुठीत घट्ट धरलं आणि दोघं खाली माझ्याकडे आली.

ते बघा, कापणारे हात धुऊन उठले. जेवणाची सुट्टी संपली.